‘ताप येईल’, असे आधीच सांगा

मराठी घरात सगळ्यात जास्त वापरले जाणारे औषध कोणते, असे कोणी विचारले तर मी ‘काही होत नाही’ या वाक्याचे नाव सांगेन. मूल धडपडले, काही होत नाही. परीक्षेची धास्ती वाटते, काही होत नाही. दात काढायचा आहे, काही होत नाही. हे औषध फुकट मिळते, कोणीही कोणालाही देऊ शकतो आणि देणाऱ्याला आपण मोठा धीर दिल्याचे समाधान लाभते. कडेगावात मी तीस-बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तेवढ्या काळात हे वाक्य मी किती वेळा वापरले असेल, याची मोजदाद नाही. मार्च २०२१ मध्ये ते मी माझ्या सख्ख्या आत्तीला दिले. त्याचे पुढे जे झाले, ते आज सांगायचे आहे. लस घ्यावी की नाही, सरकार सांगते ते खरे की मोबाइलवर आलेले खरे, यावर गेली काही वर्षे घरोघरी वाद चालू आहे. त्या वादात ‘लस घ्या’ म्हणणाऱ्या आम्हा शहाण्यासुरत्या माणसांचे कुठे चुकते, हे मला त्या प्रसंगाने शिकवले.

आत्ती तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. गावातल्या गावात दिलेली, त्यामुळे माहेर-सासर दोन्ही कडेगावच. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्या लोकांना कोरोनाची लस सुरू झाली आणि आत्तीच्या घरी चर्चा सुरू झाली. आमच्या कडेगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कोणी केरळात, कोणी तमिळनाडूत, कोणी उत्तरेत. त्यामुळे सणासुदीला जशी चारी दिशांची मिठाई आमच्याकडे येते, तशीच चारी दिशांची अफवाही ताजी ताजी पोहोचते. कोणी कळवी, लशीने माणूस दोन वर्षांत जातो. कोणी कळवी, बायकांना मूल होत नाही. आत्तीला मुलाबाळांची चिंता करण्याचे वय उरले नव्हते, पण दोन वर्षांच्या मुदतीने तिला विचारात पाडले.

तिने मला बोलावून घेतले. म्हणाली, ‘‘बाळू, तू शिकलेला हाईस. खरं सांग, काय हुतंय का ह्यानं?’’

मी म्हणालो, ‘‘आत्ती, काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स.’’

हे मी अज्ञानाने बोललो असतो तर एक वेळ क्षम्य होते. पण लशीनंतर ताप येतो, अंग मोडून येते, हे मी वाचले होते. माझ्या ओळखीच्या दोघांना आलेलाही होता. तरी मी ते सांगितले नाही. सांगितले तर ती येणार नाही, असे वाटले. आत्ती माझ्याबरोबर आली, लस घेतली, अर्धा तास बाकावर बसली आणि घरी गेली. रात्री तिला हुडहुडी भरली. ताप चढला. दोन रात्री घर जागे होते. आपली घटका भरली असे समजून तिने लेकींना सासरहून बोलावून घेतले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मी भेटायला गेलो तर ती उठून बसली होती. रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, ‘‘तापाचं मला काय न्हाई रे. लय ताप बघितलं. पर तू म्हणालास, काय हुत न्हाई. आता तू बाकीचं सांगतोस, ते तरी मी कसं खरं मानू?’’

बत्तीस वर्षे पोरांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या मास्तरला या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही.

गल्लीतली दहा-बारा म्हातारी माणसे आत्तीकडे डोळे लावून बसली होती. त्यांनी काय ठरवले असेल, ते सांगायला नको. त्यातच आत्तीच्या दुसऱ्या डोसची तारीख दोनदा बदलली. आधी चार आठवडे सांगितले होते. २२ मार्चला सहा ते आठ आठवडे झाले. १३ मे रोजी बारा ते सोळा झाले. मध्येच एप्रिलमध्ये तमिळनाडूतून बातमी आली, की विवेक नावाच्या लोकप्रिय नटाने लस घेतली आणि दोन दिवसांनी तो हृदयविकाराने गेला. पुढे चौकशीत त्या मृत्यूचा लशीशी संबंध आढळला नाही, पण ते कळेपर्यंत गल्लीचा निकाल लागून गेला होता. मेमध्ये आमच्या शेजारचे एक गृहस्थ कोरोनाने गेले. त्यांनी लस घेतली नव्हती.

घेतली असती तर ते वाचले असते का? मला सांगता येत नाही. लशीने मृत्यूचा धोका खूप कमी होतो, हे लाखो माणसांच्या हिशेबाने सिद्ध झालेले आहे. पण एका माणसाच्या बाबतीत ते छातीठोकपणे सांगता येत नाही. ‘लस घेतली म्हणून गेला’ असे एका मृत्यूवरून म्हणणाऱ्याचे जे चुकते, तेच माझेही चुकेल. तेव्हा मी तसे म्हणणार नाही. पण त्यांच्या दारावरून जाताना माझी पावले आजही जड होतात, एवढे मात्र खरे.

दंडावरची खूण

आत्तीच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन मोठे वाटोळे वण आहेत. तिच्या पिढीतल्या बहुतेकांच्या दंडावर असतात. सत्तरच्या दशकाअखेर ही लस देणे थांबले, कारण तिची गरजच संपली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा माणसाचा पहिला आणि आजवरचा एकमेव रोग. या कामाची आपल्या देशातली सुरुवात मुंबईत झाली होती. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतात यशस्वी झालेले हे पहिले लसीकरण. तिच्या दंडावर आलेल्या फोडातली लस पुढे इतर गावांना गेली.

पण या दोन तारखांच्या मध्ये पावणेदोनशे वर्षे गेली, हे विसरता येत नाही. रोगालाच आपण ‘देवी’ म्हणत होतो. कोप देवीचा, तेव्हा उतारा सरकारी सुईचा कसा असेल? शिवाय एकाच्या दंडातली लस दुसऱ्याच्या दंडात जायची. तो दंड कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्या काळी क्षुल्लक नव्हता. देवी टोचणारा गावात आला की मुले कणगीमागे लपवली जात, हे आपल्या आजी-पणज्यांनीच सांगितलेले आहे. तेव्हा लशीबद्दलचा संशय मोबाइलने जन्माला घातला, असे म्हणणे बरोबर नाही. मोबाइलने त्याला फक्त पाय दिले.

या संशयाचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राने प्लेगच्या वेळी घेतला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसून आला. आमच्या भागालाही पुढे या रोगाने सोडले नाही. याच कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचे वडील यशवंतराव लहान असतानाच प्लेगने गेले. या रोगावरची लस मुंबईतच तयार झाली. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत ती बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

म्हणजे रोग होता, लस होती, ती स्वतःवर करून पाहणारा शास्त्रज्ञही होता. मग विश्वास का नव्हता? कारण सरकारचा दुसरा हात त्याच वेळी वेगळे काही करत होता. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घरात शिरत. देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध न ठेवता झडती घेत, माणसे उचलून नेत. मुंबईत लोकांत बोलवा होती, की इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याची मोमिआई काढतात. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मोमिआईची गोष्ट खोटीच होती. पण इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही आणि त्याचे काय झाले ते घरच्यांना कोणी सांगत नाही, हा अनुभव खोटा नव्हता. अफवा खोटी असते, पण ती ज्या जमिनीत रुजते ती जमीन बहुधा खरी असते. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच सालच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या, हेही आपण जाणतो. एकाच शहरात, एकाच साथीत, एकीकडे दार ठोठावणारा सोजीर आणि दुसरीकडे रुग्णाजवळ जाणारी सावित्रीबाई. लोकांनी कोणाला आपले मानले, हे सांगायला पाहिजे असे नाही.

हाफकिनच्या लशीलाही पुढे मोठा अपघात झाला. १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले. चौकशी उशिरा आणि अपुरी झाली की माणसाचे आयुष्य जाते आणि लशीचे नावही जाते, असा याचा अर्थ.

सांगितले, पण पोहोचले नाही

आता आपल्या काळाकडे येऊ. कोरोनाच्या लशी फार थोड्या वेळात तयार झाल्या. त्यांतली कोव्हिशील्ड आपल्या पुण्यातच बनली आणि देशातल्या बहुसंख्य दंडांत तीच गेली. हे मोठे काम होते, यात वाद नाही. पण सरकारी निवेदनांचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हॅक्सिनला परवानगी मिळाली, तेव्हा तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष हाती आलेले नव्हते. शंका घेणाऱ्यांत मोठमोठे डॉक्टरही होते. त्यांना आकडे दाखवण्याऐवजी देशाभिमानाची आठवण करून देण्यात आली. पुढे निष्कर्ष आले आणि लस चांगली ठरली. पण ‘आधी विश्वास ठेवा, पुरावा मागून देऊ’ ही रीत शाळेतल्या प्रयोगवहीत मी चालू दिली नसती.

दोन डोसांमधले अंतर वाढवण्याचेही तसेच. अंतर वाढवल्याने लस अधिक परिणामकारक होते, असे सांगितले गेले आणि त्याला परदेशातील अभ्यासाचा आधार होता. पण तेव्हाच देशात लशीचा तुटवडा होता. महाराष्ट्रात मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण त्यासाठी थांबवावे लागले होते. ‘लस कमी आहे, म्हणून आधी जास्त लोकांना एकेक डोस देऊ, आणि सुदैवाने अंतर वाढले तरी बिघडत नाही’, असे कोणी सरळ म्हटले असते तर आत्तीला ते लगेच कळले असते. दुष्काळी भागातली बाई आहे ती. पाणी पुरवून वापरायचे तिला कोणी शिकवायला नको. न सांगितल्यामुळे ती म्हणाली, ‘‘ह्यांचं ह्यांनाच ठरंना, तर मी कशापायी दंड पुढं करू?’’

सर्वांत बोलका प्रसंग २०२४ चा. एप्रिल महिन्याच्या अखेरीस बातमी आली, की कोव्हिशील्डचे मूळ सूत्र देणाऱ्या कंपनीने इंग्लंडातल्या न्यायालयात मान्य केले, की या लशीने अगदी क्वचित रक्तात गुठळ्या होऊ शकतात. घरोघर घबराट झाली. ‘बघा, लपवून ठेवलं होतं’, असे मला तीन-चार जणांनी ऐकवले. वस्तुस्थिती अशी, की युरोपातील औषध नियामकांनी हे एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केले होते. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही १७ मे २०२१ रोजी पत्रक काढले होते. त्यात कोव्हिशील्डनंतर गुठळ्यांची २६ संभाव्य प्रकरणे आढळल्याचे, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१ एवढे प्रमाण असल्याचे म्हटले होते. दहा लाखांत एकाहून कमी. लक्षणे कोणती आणि कधी दवाखाना गाठावा, हेही त्यात होते.

म्हणजे सरकारने लपवले नव्हते. पण ते पत्रक आमच्या कट्ट्यापर्यंत पोहोचलेही नाही. टीव्हीवर, फलकावर, फोन लावला की ऐकू येणाऱ्या त्या आवाजात फक्त ‘लस सुरक्षित आहे’ एवढेच होते. कागदावर सांगणे आणि माणसाला सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने कायद्याची जबाबदारी संपते, दुसरीने विश्वास मिळतो. तीन वर्षांनी तीच माहिती परदेशातून ‘कबुली’ म्हणून आली, तेव्हा जी गोष्ट आधी सांगितली असती तर धीर देणारी ठरली असती, तीच भीती घालणारी झाली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोकांना सगळे सांगितले तर ते घाबरतील, लस घेणारच नाहीत. मीही आत्तीच्या बाबतीत हाच विचार केला होता. पण आपण ज्यांना अडाणी समजतो, त्या माणसांचा रोजचा व्यवहार पाहा. द्राक्षबागेवर फवारणी करणारा आमच्या भागातला शेतकरी प्रत्येक औषधाचे प्रमाण, त्याचा धोका आणि फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे सारे विचारून घेतो. ‘या औषधाने काहीच होत नाही’ असे म्हणणाऱ्या दुकानदारावर त्याचा विश्वास बसत नाही. ते औषध तरी बनावट असेल किंवा दुकानदार, असे तो समजतो. मग लशीच्या बाबतीतच त्याने बिनधोक असल्याचे ऐकून समाधान मानावे, ही अपेक्षा कशी?

धाकाने दंड मिळतो, मन मिळत नाही

सांगणे जमले नाही, की सक्तीकडे हात जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात लस न घेतलेल्यांना रेशन आणि पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला. हेतू चांगला होता, लसीकरण मागे पडले होते. पण रेशन बंद होईल म्हणून टोचून घेतलेली बाई पुढच्या वेळी नातवाला लस द्यायला आनंदाने येईल का? सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी नाही, असे म्हटले. त्याबरोबरच कोणावरही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, हेही स्पष्ट केले. आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती लोकांसमोर ठेवा, त्यांना ती सहज नोंदवता येईल अशी सोय करा, असे सांगितले. या निकालातला सक्तीविषयीचा भाग पुष्कळांना ठाऊक आहे. माहिती उघडी ठेवण्याविषयीचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

संमती हा शब्दही आपण फार सैल वापरतो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. खम्मममध्ये वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांनी सह्या केल्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचे दिसले नाही, पण सह्यांचा हा प्रकार उघडा पडला. प्रकल्प थांबला, संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले. लस चांगली होती, रोगही भयंकर. तरी एका सहीच्या कंटाळ्यापायी ती लस कितीतरी वर्षे संशयाच्या सावलीत राहिली.

आणि यवतमाळचा प्रसंग कोण विसरेल? ३१ जानेवारी २०२१, पोलिओ रविवार. घाटंजी तालुक्यातील एका गावात पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करायचा द्रव पाजला गेला. मुले बरी झाली, कर्मचारी निलंबित झाले. अशी चूक लाखांत एकदा होते. पण तिच्यानंतरच्या पोलिओ रविवारी महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईने बाटलीकडे दोनदा पाहिले असेल, तर मी तिला अंधश्रद्ध म्हणणार नाही. उलट प्रत्येक केंद्रावर बाटली आधी आईच्या हातात द्या, असे मी म्हणेन.

आपलेही काही देणे लागते

इथवर मी सरकारचे माप काढले. आता आपले. कारण सरकारी निवेदनाला आपण दहा शंका विचारतो आणि मोबाइलवर आलेल्या बिननावाच्या संदेशाला एकही विचारत नाही. याला चिकित्सा म्हणत नाहीत. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांनी दावा केला, की लस घेतल्यापासून आपल्या अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात. दोन दिवसांत राज्यातल्या अर्ध्या घरांत लोक उघड्या अंगाने चमचे चिकटवून पाहत होते. आमच्या शेजारच्या पोरानेही चिकटवला. चिकटला. मग मी त्याच्या अंगाला पावडर लावून पुन्हा चिकटवायला सांगितले. पडला. घामाने आणि त्वचेच्या तेलकटपणाने चमचा चिकटतो. शिवाय लशीत लोखंड नाही आणि पुष्कळशा नाण्यांना लोहचुंबक लावले तर तीही चिकटत नाहीत. पाच मिनिटांचा प्रयोग होता. पण संदेश पुढे पाठवायला पाच सेकंद लागतात, आणि बहुतेकांनी तेवढीच दिली.

सगळ्या अफवा अशा गमतीच्या नसतात. १९९८ मध्ये इंग्लंडातील एका डॉक्टरने अवघ्या बारा मुलांच्या अभ्यासावरून गोवराच्या लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवला. त्या अभ्यासात लबाडी होती. २०१० मध्ये तो मागे घेण्यात आला, डॉक्टरची सनदही गेली. पण तोवर पश्चिमेकडचे आईबाप बिथरले होते आणि गोवर परतला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा त्याच जातीचे संदेश इथेही फिरले. पुढे कोरोनात नेहमीचे लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी, मालेगाव येथे गोवराची साथ पसरली आणि मुले दगावली. आजारी पडलेल्यांत लस न मिळालेल्यांचाच भरणा मोठा होता. गोवर एवढा सांसर्गिक, की शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस मिळाली तरच तो थोपतो. म्हणजे माझ्या घरचा निर्णय माझ्या घरापुरता राहत नाही.

आमच्या कडेगावात मोहरमला उंच उंच ताबूत उठतात. हिंदू-मुसलमान सगळेच खांदा देतात. एवढा ताबूत तोलताना कोणी एकाने ‘माझा खांदा काढला तर काय होतंय’ म्हणून चालत नाही, हे आमच्या गावाला वेगळे शिकवावे लागत नाही. लशीचेही तसेच आहे. मात्र खांदा द्यायला बोलावणाऱ्याने ओझे किती आहे, ते आधी सांगितले पाहिजे.

गंमत अशी, की हे सांगण्याचा नियम आपल्याकडे आधीपासून आहे. मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगायच्या असतात. कोणती लस दिली आणि ती कोणत्या रोगावरची आहे. त्यानंतर काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचे. पुढची लस कधी. आणि कार्ड जपून ठेवा, येताना घेऊन या. आमच्याकडच्या नर्सबाई आणि आशाताई हे किती चांगले सांगतात, ते मी पाहिले आहे; पण एका सत्रात चाळीस मुले आली की पहिले आणि दुसरे वाक्य गळते, तिसरे नि चौथे उरते. मला वाटते, मोठमोठ्या जाहिरातींवरचा थोडा खर्च वाचवून एका सत्रामागे एक माणूस वाढवला, फक्त बोलण्यासाठी, तर अफवांचा अर्धा धंदा बसेल.

गेल्या वर्षीची गोष्ट. आत्तीचा पणतू दीड वर्षाचा झाला होता, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस द्यायचा होता. त्याचा बाप गलाईच्या धंद्यावर परमुलखात. नातसुनेने मला विचारले, ‘‘काका, परवा एक व्हिडिओ आला होता. या लशीनं काही होत नाही ना?’’

सवयीने माझ्या तोंडी ते वाक्य आलेच होते. ‘‘काही...’’ एवढे म्हणालो आणि ओसरीवरून आत्तीने मला गप्प केले.

‘‘तू थांब, बाळू. मी सांगते. पोरी, ताप यील. किरकिर करंल. दोन रात्री मांडीवर घिऊन बसायचं. सिस्टर गोळी द्यायला सांगतील ती द्यायची. लईच फणफणला तर दवाखाना गाठायचा. माझी धाकटी भन गोवरात गेली. तवा मांडीवर घ्यायला काय उरलं न्हाई.’’

नातसून दुसरे काही बोलली नाही. पुढच्या सत्राला ती पोराला घेऊन गेली. पोराला ताप आला. मला वाटले, रात्री फोन येईल. आला नाही. सकाळी न राहवून मीच गेलो. पोर पायरीवर बसून भाकरी चघळत होते. मी विचारले, ‘‘ताप आला होता म्हणे?’’

ती म्हणाली, ‘‘आला की. आजी म्हणाल्या होत्या तसाच आला. उतरला पण.’’